रद्दीच्या काट्यावर चढण्याआधी: ग्रंथपालांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल, ग्रंथनिवड समित्यांचे सदस्य आणि कार्यकारी मंडळे यांस,

स.न.वि.वि.

आपल्या ग्रंथालयांत दर काही वर्षांनी निर्लेखनाची यादी होते. पानं गळालेली, वाळवी लागलेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं दाखल नोंदवहीतून कमी करायची, समितीची मंजुरी घ्यायची आणि रद्दीवाल्याला फोन करायचा. हे करावंच लागतं. जागा झाल्याशिवाय नवी पुस्तकं ठेवणार कुठे? माझं म्हणणं निर्लेखनाविरुद्ध नाही. त्या यादीत सगळ्यात वर नेहमी कोण असतं, त्याबद्दल आहे. शंभर-सव्वाशे पानांच्या रहस्यकथा, हेरकथा, डाकूंच्या आणि भुताखेतांच्या गोष्टी. न्यूजप्रिंटवर छापलेल्या, पाठीत दोन पिना मारलेल्या, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि एक घाबरलेली बाई. अशा पुस्तकांची पोती एका ग्रंथालयाच्या दारात वजनकाट्यावर चढताना मी पाहिली. कोणतं ग्रंथालय ते सांगत नाही. इतरत्र होतं तेच तिथे होत होतं. तिथल्या एका सदस्यांनी मला सहज विचारलं, "अहो, हे काय साहित्य आहे का? कोण येणार आहे हे शोधत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मात्र मला जरा लांबून यावं लागेल, स्पेनमधून.

मी स्पॅनिश शिकवून पोट भरतो. व्याकरण बऱ्यापैकी झालं की मुलांना वाचायला काय द्यायचं हा दरवर्षीचा पेच असतो. 'डॉन किहोते' लिहिणारा सर्व्हान्तेस झेपत नाही, वर्तमानपत्र दुसऱ्या परिच्छेदात सोडून देतात. मार्सियाल लाफुएन्ते एस्तेफानियाची काऊबॉय कादंबरी हातात दिली की मात्र परत आणून दुसरी मागतात. शंभरेक पानं, त्यातली निम्म्याहून जास्त संवादांची, वाक्यं आखूड, आणि बसल्या बसल्या दोन-तीन माणसं आडवी. टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिको. सलून, घोडे, गुरांचे कळप, विकला गेलेला शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार. आणि लिहिणारा कोण, तर माद्रिदपासून सत्तर-एक किलोमीटरवरच्या तोलेदोचा माणूस.

जन्म १९०३. वडील फेदेरिको लाफुएन्ते वकील आणि लेखक. त्याच डॉन किहोतेची कथा त्यांनी जुन्या लोकगीतांच्या छंदात बांधली होती. म्हणजे घरात पुस्तकांना तोटा नव्हता. मुलगा मात्र इंजिनियर झाला. कामानिमित्त हिंडला, आणि १९२८ ते १९३१ या काळात अमेरिकेत त्याची बरीच भटकंती झाली. पुढे आयुष्यभर ज्या प्रदेशावर लिहायचं होतं तो त्याने प्रत्यक्ष पाहिला तो असा, पोटापाण्याच्या प्रवासात. कादंबरीकार व्हायचं तेव्हा त्याच्या डोक्यात असल्याचं दिसत नाही.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. एस्तेफानिया प्रजासत्ताकाच्या बाजूने, तोलेदोच्या आघाडीवर, तोफखान्यात अधिकारी. १९३९ मध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध लढणारा सेनापती फ्रँको जिंकला. हरलेल्या बाजूचे लाखो लोक पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये गेले. हा गेला नाही. मग जे व्हायचं ते झालं. तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग.

तुरुंगातच तो लिहायला लागला. कागद मिळेना म्हणून संडासातल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर, पेन्सिलीने. त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात ही हकीकत असतेच, आणि ती आहेही तशी सांगण्यासारखी. मला मात्र त्याच्या पुढचा भाग जास्त विचार करायला लावतो. माणूस सुटला, मग पुढे? पदवी इंजिनियरची, पण शिक्का हरलेल्या सैन्याचा. फ्रँकोच्या राजवटीने शिक्षक, पत्रकार, सरकारी नोकर, प्राध्यापक सगळ्यांना चाळणी लावली होती. चाळणीतून खाली पडलेल्यांना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या धंद्यात काम मिळणं मुश्कील. घरी बायकामुलं. नाटककार एन्रिके हार्दिएल पोन्सेला यांनी त्याला एक सल्ला दिल्याचं सांगतात. तो असा, की लोकांची करमणूक होईल असं लिही, या धंद्यात पैसा मिळवायचा दुसरा रस्ता नाही.

त्याने तो सल्ला अक्षरशः पाळला. गालिसियातल्या विगो या बंदराच्या शहरात सिएस नावाची प्रकाशनसंस्था होती. तिने १९४३ मध्ये त्याची पहिली वेस्टर्न, म्हणजे काऊबॉय कादंबरी, छापली, 'ला मास्कोता दे ला प्रादेरा'. रहस्यकथा आणि प्रेमकथाही त्याने लिहिल्या. टोनी स्प्रिंग, डॅन लुईस अशी इंग्रजी वळणाची टोपणनावं घेतली, आणि प्रेमकथांवर चक्क बायकोचं नाव घातलं, मारिया लुइसा बेओर्लेगी. पण नाव गाजलं ते वेस्टर्नमुळे आणि स्वतःचंच. स्पेनमध्ये वडिलांच्या आडनावामागे आईचंही आडनाव लावतात. लाफुएन्ते वडिलांचं, एस्तेफानिया आईचं. वाचकांच्या तोंडी राहिलं ते आईकडचं.

त्याच्या नावावर सुमारे २,६०० कादंबऱ्या सांगितल्या जातात. १९४३ ते १९८४ म्हणजे ४१ वर्षं. भागाकार केला तर वर्षाला त्रेसष्ट, आठवड्याला एकाहून थोडी जास्तच. यात पुढे पुढे त्याच्या मुलांचाही हात आहे. फ्रान्सिस्को आणि फेदेरिको हे दोघे मुलगे त्याच नावाखाली लिहीत, आणि बापाच्या मृत्यूनंतरही ती सही चालू राहिली. वाचकाला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव असतं आणि गल्ल्यावर नातू बसलेला असतो, तसं.

इतकं लिहायचं तर पद्धत हवी. एस्तेफानियाच्या टेबलावर तीन पुस्तकं असत. एक अमेरिकेचा भरगच्च इतिहास, एक जुना नकाशासंग्रह आणि एक अमेरिकेतली टेलिफोन डिरेक्टरी. इतिहासातून प्रसंगाचं साल, नकाशातून गावं, नद्या आणि दोन गावांमधलं घोड्यावरचं अंतर, आणि डिरेक्टरीतून माणसं. नायक, खलनायक, बँकेतला कारकून, मेलेला गुराखी, सगळे डिरेक्टरीतून उचललेले. तुरुंगातून आलेला, कामधंद्याची दारं बंद झालेला एक माणूस रात्री अमेरिकेतल्या अनोळखी लोकांच्या नावांवरून बोट फिरवतोय आणि त्यांतल्या कुणाला तरी पान ४२ वर गोळी घालतोय, हे चित्र मला भारी आवडतं. गावांची नावं मात्र त्याने उगाच ठोकून दिली नाहीत. नकाशावर होती ती घेतली, आणि तिथली धूळ स्वतः खाल्लेली असल्यामुळे ती पटतात.

कथानकं संपली की हा मागे वळे, फार मागे. नाटककार लोपे दे व्हेगा आणि सतराव्या शतकातली स्पॅनिश रंगभूमी. तिथलं मानापमानाचं, सूडाचं, वेषांतराचं एखादं नाटक उचलायचं, सरदाराचा रँचमालक करायचा, तलवारीचं पिस्तूल करायचं, आणि राजधानीच्या जागी एल पासो. विद्यापीठात ज्या नाटकांवर प्रबंध लिहिले जात होते तीच नाटकं पत्र्याच्या टपरीवर पाच पेसेताला (पेसेता हे तेव्हाचं स्पॅनिश चलन) मिळत होती, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मुलांना मी आधी कादंबरी देतो आणि मग नाटकाबद्दल सांगतो. उलट्या क्रमाने केलं तर दोन्ही बुडतात.

पन्नाशीच्या दशकात तो बार्सेलोनाच्या ब्रुगेरा या संस्थेकडे गेला. ब्रुगेरा म्हणजे खिशातल्या पुस्तकांचा कारखानाच होता. काऊबॉय, हेर, विज्ञानकथा, भयकथा, प्रेमकथा, प्रत्येकाची वेगळी मालिका, वेगळा रंग. प्रेमकथांच्या बाजूला कोरीन तेयादो नावाची बाई, हजारो कादंबऱ्यांची धनीण. वेस्टर्नच्या बाजूला एस्तेफानिया. आकार साधारण पंधरा सेंटिमीटर बाय दहा. पाच पेसेतांच्या नाण्याला तिकडे 'दुरो' म्हणत, म्हणून या पुस्तकांचं नावच पडलं 'एका दुरोची कादंबरी'. पण बरेच लोक तेवढेही देत नसत. टपरीवर वाचलेली कादंबरी परत द्यायची, वर थोडीशी चिल्लर ठेवायची आणि दुसरी उचलायची. एक प्रत अशी कितीतरी हातांतून जाई. कारखान्यातला कामगार, पोर्टर, रात्रपाळीचा रखवालदार, बराकीतला शिपाई. पुढे जहाजांतून हीच पुस्तकं मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला, अर्जेंटिनापर्यंत पोहोचली आणि तिथेही हातोहात फिरली.

कादंबऱ्या कशा होत्या? खरं सांगायचं तर बहुतेक साधारण. काही तर टाकाऊ. नायक नेहमी ताडमाड, सहा फुटांच्या वर, आणि त्याची उंची आपल्याला सांगितल्याशिवाय एस्तेफानियाला राहवत नाही. स्थानिक इंडियन लोकांकडे बघण्याची नजर हॉलिवूडने दिली तीच. वर्णन म्हणाल तर दोन ओळी, लगेच बाचाबाची, लगेच बंदूक. पण काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांवर डोळा ठरतो. गावातला सगळ्यात बडा माणूस जमिनी बळकावतोय. शेरीफ त्याच्या खिशात. न्यायाधीशही त्याच्याच पंगतीला. कायदा कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरा. मग बाहेरून एक माणूस येतो, पुष्कळदा शिकलेला, आणि त्याला कायदा नीट पाठ असतो.

आता हे १९४०-५० च्या स्पेनमध्ये छापलं जात होतं हे लक्षात घ्या. १९३८ चा छापखाना कायदा लागू होता. १९६६ पर्यंत पुस्तक छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावं लागे. स्पेनमधल्या एखाद्या गावचा भ्रष्ट महापौर रंगवून बघा, हस्तलिखित लाल पेन्सिलीने भरून परत यायचं. तोच महापौर वायोमिंगमध्ये नेऊन त्याच्या छातीवर शेरीफचा बिल्ला लावला की पुस्तक सुटत असे. एस्तेफानियाने हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकी वेस्टर्नमध्येही वाईट शेरीफ खंडीभर आहेत. पण हरलेल्या सैन्यातला अधिकारी चाळीस वर्षं दर आठवड्याला विकाऊ सत्तेला गोळी घालतो आणि टपरीवरचे गिऱ्हाईक ते वाचून पुढचा भाग मागतात, याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

आणि तो एकटा नव्हता. एदुआर्दो दे गुस्मान घ्या. माद्रिदमध्ये 'कास्तिया लिब्रे' या अराजकतावादी दैनिकाचा संपादक. जानेवारी १९४० मध्ये लष्करी न्यायालयात ज्या सुनावणीत कवी मिगेल एर्नांदेसला मृत्युदंड सुनावला गेला, त्याच सुनावणीत यालाही. दोघांचाही मृत्युदंड टळला. एर्नांदेस १९४२ मध्ये तुरुंगातच क्षयाने गेला. गुस्मान काही वर्षांनी बाहेर आला तेव्हा पत्रकारितेचं दार त्याला बंद होतं. मग एडवर्ड गुडमन या आणि अशा नावांनी तो काऊबॉय आणि गुन्हेगारी कादंबऱ्या लिहीत राहिला, शेकड्यांनी. फ्रँको गेल्यावर त्याच माणसाने यादवीच्या शेवटच्या दिवसांवर आणि तुरुंगांवर जे लिहिलं ते आज इतिहासकार आधाराला घेतात.

दुसरा फ्रान्सिस्को गोन्सालेस लेदेस्मा, बार्सेलोनाचा, वयाने लहान. १९४८ मध्ये त्याच्या पहिल्या कादंबरीला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, परीक्षकांत इंग्रजी कादंबरीकार सॉमरसेट मॉम. सेन्सॉरने ती छापूच दिली नाही. त्याने वकिली केली, पत्रकारी केली, आणि सिल्व्हर केन या नावाने ब्रुगेरासाठी शेकडो वेस्टर्न लिहिल्या. १९८४ मध्ये त्याला स्पेनचं भरघोस रकमेचं प्लानेता पारितोषिक मिळालं, या वेळी स्वतःच्या नावाने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एस्तेफानिया माद्रिदमध्ये वारला. ब्रुगेराचंही तेव्हा दिवाळं निघत होतं. १९८६ मध्ये ती संस्था बंद झाली.

ग्रंथपाल मंडळी, आता तुमच्या त्या सदस्यांच्या प्रश्नाकडे येतो. कोण शोधत येणार हे? स्पेनमध्ये आधी आले संग्राहक. जुन्या बाजारात किलोवर मिळणारी ही पुस्तकं त्यांनी घरी नेली, मालिकांचे क्रमांक जुळवले, टोपणनावांमागे कोण होतं ते मानधनाच्या पावत्या आणि म्हाताऱ्या लेखकांच्या मुलाखती यांवरून उलगडत नेलं. मग आले अभ्यासक. वर सांगितलेली सगळी हकीकत, म्हणजे हरलेल्या बाजूच्या लेखकांची एक पिढी काऊबॉयच्या टोपीखाली जगली हे, त्या रद्दीतून बाहेर आलं. ब्रुगेराने लेखकांना बांधून कसं घेतलं, हक्क कसे एकरकमी विकत घेतले, महिन्याला किती पानं मागितली, तेही. सरकारी दफ्तरात तुरुंगवासाची नोंद असते. सुटलेल्या माणसाने पुढची तीस वर्षं पोट कसं भरलं त्याची नोंद कुठलंच दफ्तर ठेवत नाही. ती या शंभर पानी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर, खोट्या नावाने, पडलेली असते.

सरकारनेही थोडी मदत केली. १९५८ पासून स्पेनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर कायदेशीर जमा-क्रमांक छापावा लागतो आणि ठरावीक प्रती जमा कराव्या लागतात. काऊबॉय असो की काव्यसंग्रह, नियम तोच. कुणी बसून हे साहित्य आहे का असं विचारत नाही, आणि नेमकं तेच त्या व्यवस्थेचं शहाणपण आहे. अमेरिकेतही तेच झालं. एकोणिसाव्या शतकातल्या दहा सेंटच्या काऊबॉय आणि डाकू कथांचा जवळपास ४०,००० पुस्तकांचा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, कारण कॉपीराइटच्या नोंदणीसाठी प्रत पाठवावी लागे. त्या काळच्या समीक्षकांना विचारलं असतं तर त्यांतली एकही राहिली नसती.

आपल्याकडे १९५४ चा पुस्तकं जमा करण्याचा केंद्रीय कायदा आहे. प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची, त्यांत मुंबईही आली. न पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. महिन्याला चार-चार रहस्यकथा काढणारा प्रकाशक असल्या दंडाला किती भ्यायला असेल याचा अंदाज आपणच करा. म्हणून भिस्त राहते ती तुमच्यावर. गावोगावच्या ग्रंथालयांनी वर्गणीदारांच्या आग्रहाखातर ही पुस्तकं घेतली, फाटेपर्यंत फिरवली, आणि अजूनही कुठल्यातरी लोखंडी कपाटाच्या तळाशी, कधी माळ्यावर, ती आहेत.

बाबूराव अर्नाळकरांचंच पाहा. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने आल्या, अशी गिनीज बुकात नोंद आहे. झुंजार, काळा पहाड, धनंजय या त्यांच्या नायकांची नावं घेतली की साठीच्या वरच्या माणसाचा चेहरा आजही फुलतो. पण ही १,०९२ पुस्तकं एका छपराखाली, मूळ मुखपृष्ठांसकट, असलेलं ग्रंथालय कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा, मी दुसऱ्या दिवशी एसटी पकडतो. गुरुनाथ नाईकांच्या हजारावर कादंबऱ्या. पुढे सामाजिक कादंबऱ्यांसाठी कॉलेजातल्या पोरांनी डोक्यावर घेतलेले सुहास शिरवळकर. त्यांची सुरुवात दारा बुलंद आणि मंदार पटवर्धनच्या साहसांची. यांच्याखेरीज कितीतरी माणसं, नोकरी सांभाळून, टोपणनावाने, पुस्तकामागे ठरलेल्या रकमेवर लिहिणारी. कोण होती ती? गिरणीतली होती, शाळेतली होती, आणीबाणीत नोकरी गेलेलं त्यांत कुणी होतं का? पुस्तक हातात नसेल तर विचारायला सुरुवात तरी कुठून करणार?

मराठी आणि स्पॅनिश एका मापात बसवण्याचा माझा हट्ट नाही. आपल्याकडे फ्रँको नव्हता, अर्नाळकर काही तुरुंगातून सुटून काऊबॉयकडे वळले नव्हते, आणि काऊबॉय आपल्याकडे आला तोही मुख्यतः इंग्रजीतून, फुटपाथवरच्या लुई लामूर आणि जे. टी. एडसनच्या पुस्तकांतून. (एडसन इंग्लंडमधला पोस्टमन. टेक्सासवर शंभराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या आणि घोड्यावर बसल्याचा दावा त्याने कधी केला नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय.) सारखी आहे ती फक्त पुस्तकाची जात. वाचून वाचून संपावं म्हणूनच छापलेलं पुस्तक, आणि म्हणून जितकं जास्त वाचलं गेलं तितकं कमी उरलेलं.

मागणं मोठं नाही. निर्लेखनाच्या यादीत असं पुस्तक आलं की पोत्यात जाण्याआधी एवढं बघा, की आपल्याकडे त्याची दुसरी प्रत आहे का. असेल तर बरी प्रत ठेवा, बाकीच्या खुशाल द्या. नसेल तर ती एकुलती प्रत देवघेवीतून काढून वेगळी ठेवा. जागेचं म्हणाल तर ही पुस्तकं बोटाच्या पेरापेक्षाही बारीक असतात; तीन फुटी एका फळीवर दीडशे सहज मावतात. एका कपाटात अख्खा अर्नाळकर मावेल. आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी आपली यादी करून जिल्हा ग्रंथालयाला तरी कळवावं, पुस्तकं तिकडे हलवता येतील. पन्नास ग्रंथालयांच्या पन्नास अर्धवट याद्या एकमेकांशेजारी ठेवल्या की पूर्ण यादी आपोआप दिसायला लागेल.

यादीत नुसतं शीर्षक आणि लेखक लिहून भागत नाही. प्रकाशकाचा पत्ता लिहा, छापखान्याचं नाव लिहा, किंमत, मालिकेचा क्रमांक, मुखपृष्ठावर चित्रकाराची सही असेल तर तीही. टोपणनावांचा उलगडा पुष्कळदा छापखान्यावरून होतो. कुठे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का असेल, दिवसाला किती पैसे ते लिहिलेलं असेल. तेही टिपून ठेवा. पहिल्याच पानावर आधीच्या वाचकाने खुनी कोण ते पेनाने लिहून ठेवलेलं असेल, त्यावर रागावू नका. तो आपल्या वाचनसंस्कृतीचा अस्सल पुरावा आहे आणि खोडरबराने जाणारही नाही.

बाइंडिंगबद्दल हात जोडून सांगतो. पुठ्ठा चढवताना बाइंडर मुखपृष्ठ फाडून टाकतो आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, की वरची ओळ आणि पृष्ठांक दोन्ही गेले. या पुस्तकांना कृपया बाइंडिंग नको. गंजलेल्या पिना सावकाश काढा, तिथे सुती दोरा घाला, आणि पुस्तक कागदी पाकिटात उभं न ठेवता आडवं ठेवा. सेलोटेप तर अजिबात नको. काही वर्षांत त्याचा पिवळा डिंक कागद खाऊन टाकतो. हा कागद मुळातच हलका, लाकडाच्या लगद्याचा, आम्लाचा अंश असलेला. ऊन आणि दमट हवा दोन्ही त्याला सोसत नाहीत. कोकणातल्या ग्रंथालयांनी तर पावसाळ्याआधी एकदा कपाट उघडून बघावंच.

अनुदानाच्या तपासणीत या पुस्तकांना गुण नाहीत हे मला ठाऊक आहे. तपासनीस विचारतील की ही फाटकी पुस्तकं कशाला, तेव्हा त्यांना देवघेव विभागातून काढून 'जतन' म्हणून वेगळी नोंद केलेली वही दाखवावी. वही दिसली की सरकारी माणूस बहुधा शांत होतो. समितीत कुणी साहित्यमूल्याचा मुद्दा काढला तर वाद घालत बसू नका. मूल्य ठरवायला पुढच्या पन्नास वर्षांतले लोक मोकळे आहेत, पुस्तक समोर असलं म्हणजे झालं.

एक तपशील राहिला. मुखपृष्ठ नसलेली, पहिली सोळा पानं गेलेली, नाव-गाव कळत नाही अशी प्रत आली तर तीही लगेच टाकू नका. शेवटच्या पानावर किंवा मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला बहुधा त्याच मालिकेतल्या इतर पुस्तकांची जाहिरात असते, क्रमांक आणि किमतींसकट. हरवलेल्या पुस्तकांची यादी करताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच पान. अशी पानं वेगळ्या फाइलीत लावून ठेवलीत तर ती उतरवून घ्यायला मी स्वतःच्या खर्चाने येईन.

आपला,
एक आजीव सभासद